कापड कुणाच्या मालकीचे?

इचलकरंजीत साधा यंत्रमाग आता वजनावर विकला जातो. ज्या गल्लीत भरदुपारी दुसऱ्याच्या कानाशी तोंड नेऊन बोलावे लागे, तिथे शेडपुढे टेम्पो उभा राहतो, बिडाचे सांगाडे सुटे करून भरले जातात आणि थेट काट्यावर जातात. वीस-पंचवीस वर्षे ज्याने घर चालवले त्या मागाची किंमत भंगारवाला ठरवतो. यावरून गावात, विधिमंडळात आणि वर्तमानपत्रांत जो वाद चालतो त्याला दोनच बाजू आहेत. एक म्हणते, साध्या मागाचे दिवस संपले. शटललेस, म्हणजे धोट्याशिवाय चालणारे नवे माग लावा, नाहीतर धंदा सोडा. दुसरी म्हणते, विजेची सवलत वाढवा, कर्जाचे व्याज शासनाने भरावे, माग जगवा. वर्षानुवर्षे आपण याच दोन मागण्यांवर भांडतो आहोत आणि मधल्या काळात माग मोडीत निघायचे काही थांबलेले नाही.

दोन्ही बाजूंनी प्रश्न यंत्राभोवती मांडला, तिथेच चूक झाली असे माझे मत आहे. इचलकरंजीचा बहुसंख्य यंत्रमागधारक मजुरीवर कापड विणतो. सूत खातेदाराचे, म्हणजे सूत देऊन कापड विणून घेणाऱ्या व्यापाऱ्याचे, सायझिंग करून (खळ देऊन) आलेले बीम, म्हणजे ताण्याच्या सुताचे रूळ, खातेदाराचे, विणून झालेले कापडही खातेदाराचेच. मागवाल्याच्या वाट्याला पिकावर, म्हणजे कापडात पडणाऱ्या आडव्या धाग्यांच्या संख्येवर, ठरलेली मजुरी. त्या मजुरीतून त्याने वीजबिल, कामगार, जॉबर (माग दुरुस्त करणारा), कांडीवाली (धोट्यातली कांडी सुताने भरणारी), जागेचे भाडे आणि मोडतोड भागवायची. हे कापड शेवटी शर्ट होऊन कुणाच्या अंगावर जाते की उशीचा अभ्रा होते, हे त्याला ठाऊक नसते आणि ठाऊक असून उपयोगही नसतो. हा व्यवहार आहे तसाच ठेवून साध्या मागाच्या जागी रेपिअर हा शटललेस माग आणला, तर मजुरीवर विणणारा माणूस मजुरीवरच विणत राहतो, फक्त त्याच्या डोक्यावर कर्ज चढते. पुनर्रचना करायचीच असेल तर सूत कुणी घ्यायचे, कापड कुणी विकायचे आणि पैसे किती दिवसांत हातात पडायचे, या तीन गोष्टींना आधी हात घालायला हवा.

ही घडी निसर्गाने बसवलेली नाही. 1904 साली विठ्ठलराव दातारांनी जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांच्या पाठबळावर इथे पहिला यंत्रमाग लावला, तेव्हा सूत घेणारा, विणणारा आणि साडी बाजारात नेणारा यांच्यात आजच्याएवढे अंतर नव्हते. अंतर वाढवले ते पुढच्या सरकारी नियमांनी. स्वातंत्र्यानंतर गिरण्यांच्या मागांवर बंधने आली आणि चार मागांपर्यंतच्या घटकाला अबकारी करातून सूट मिळाली. सुटीचा फायदा घ्यायचा तर धंदा चार-चार मागांत विभागणे आले. बापाच्या नावावर चार, भावाच्या नावावर चार, बायकोच्या नावावर चार. एवढ्याशा तुकड्याला सूत उधार कोण देणार आणि त्याचे दोन तागे घ्यायला मुंबईचा व्यापारी कशाला येणार? ती जागा भरून काढायला खातेदार आला. पुढे 18 जानेवारी 1982 पासून मुंबईत अडीच लाख गिरणी कामगारांचा संप झाला, गिरण्यांचे कापड भिवंडी, मालेगाव आणि इचलकरंजीत विणले जाऊ लागले, गावात पैसा आला. पण काम आले ते मजुरीचेच. शिक्का गिरणीचा, विणकर अनामिक. त्या तेजीत आपण माग वाढवले आणि बाजार मात्र दुसऱ्याच्या हाती राहू दिला, याची किंमत आज चुकती करतो आहोत.

आधुनिकीकरणवाल्यांचे म्हणणे मी उडवून लावत नाही. साधा माग मिनिटाला दीडशेच्या आसपास पिके टाकतो, हवेच्या झोताने धागा नेणारा एअरजेट सहाशेच्या पुढे जातो. साध्या मागावर कापडाचा पन्हा मर्यादित, धोट्याची कांडी संपली की बदलायची, प्रत्येक ताग्यात दोष निघणार. तयार कपड्यांच्या कारखान्यात टेबलावर कापडाचे थर रचून एकदम कापायचे असतात. तिथे दर दहा मीटरला गाठ किंवा तुटलेला धागा चालत नाही. ज्याला चांगल्या ग्राहकापर्यंत जायचे आहे त्याला चांगले यंत्र लागणारच. 1999 साली सुरू झालेल्या केंद्राच्या तंत्रज्ञान सुधारणा योजनेमुळे इचलकरंजीत आज जे शटललेस माग दिसतात ते आले, आणि ज्यांच्याकडे स्वतःचे सूत, स्वतःची गिऱ्हाइके होती ते त्यावर उभे राहिले, हेही खरे. पण मुद्दा त्या शेवटच्या अटीतच आहे. ज्यांच्याकडे ती गिऱ्हाइके नव्हती त्यांनी बँकेचे हप्ते भरण्यासाठी पडेल त्या मजुरीला माग चालवला. महागडे यंत्र बंद ठेवता येत नाही. साधा मागवाला मंदीत कुलूप लावून गावी जाऊ शकतो, हप्तेवाला जाऊ शकत नाही. म्हणून मंदीत सगळ्यात आधी भाव पाडतो तो नव्या यंत्राचा मालक, आणि मग सगळ्यांचीच मजुरी खाली येते.

इचलकरंजीला आपण अभिमानाने महाराष्ट्राचे मँचेस्टर म्हणतो. मग मूळ मँचेस्टरचे काय झाले हे एकदा नीट पाहायला नको का? मँचेस्टर ज्या लँकेशायर परगण्याचे, तिथे सूतकताई वेगळ्या मालकाची, विणकाम वेगळ्याचे, रंगाई तिसऱ्याची आणि विक्री व्यापाऱ्यांची, अशी घडी बसलेली होती. पहिल्या महायुद्धापूर्वी ती जगाला कापड पुरवत होती. मग जपानने बाजार घ्यायला सुरुवात केली. 1929 साली जपानच्या टोयोडाने आपल्या स्वयंचलित मागाचे हक्क लँकेशायरच्याच प्लॅट ब्रदर्स या यंत्रकंपनीला विकले. म्हणजे जगातला उत्तम माग लँकेशायरच्या दारात आला होता. तिथल्या विणकरांनी तो मोठ्या संख्येने लावलाच नाही, कारण त्या मागाला लागणारे एकसारखे, मजबूत सूत कातणारा मालक वेगळा होता आणि मोठ्या लांबीचे एकाच जातीचे कापड घेणारा व्यापारी वेगळा. एकट्याने बदलून कुणालाच फायदा नव्हता. 1959 मध्ये ब्रिटिश सरकारने कायदा करून जुने माग आणि सूत कातायच्या चात्या मोडायला पैसे दिले, नवी यंत्रे घ्यायला अनुदान दिले. साधारण एक लाख माग मोडीत निघाले. मोडण्याचे पैसे मालकांनी आनंदाने घेतले, नवीन यंत्रांत मात्र फार थोड्यांनी घातले, आणि गिरण्या बंद होतच राहिल्या. मँचेस्टरच्या रॉयल एक्स्चेंजमधला सुती व्यापार 1968 साली थांबला. त्या भव्य दालनात आज नाट्यगृह आहे आणि भिंतीवरच्या फलकावर शेवटच्या दिवसाचे भाव तसेच ठेवलेले आहेत. आपल्या धोरणातले ‘जुना माग मोडा, नव्याला अनुदान घ्या’ हे सूत्र साठहून जास्त वर्षांपूर्वी तिथे वापरून झाले आहे.

आता दुसरी बाजू. वीज सवलत मागणाऱ्यांना ‘सवलतीवर जगणारे’ म्हणून हिणवणे मला अन्यायाचे वाटते. मजुरीवर विणणाऱ्याच्या खर्चात वीज आणि पगार एवढेच मोठे आकडे, आणि युनिटमागे रुपयाचा फरक म्हणजे महिन्याचा नफा-तोटा ठरवणारा फरक. शेजारच्या राज्यात वीज स्वस्त असेल तर तिथले कापड त्याच बाजारात पैशा-दोन पैशांनी स्वस्त येते. म्हणून सवलत तत्काळ हवी, यात वाद नाही. पण तिचा फायदा शेवटी कुणाच्या खिशात जातो? मजुरीचे दर ठरवणे मागवाल्याच्या हातात नसल्याने, विजेत वाचलेला रुपया पुढच्या सौद्यात मजुरी कमी करून काढून घेतला जातो. पुन्हा सवलतीत 27 अश्वशक्तीच्या आतला आणि बाहेरचा अशी रेघ मारली आहे. चार मागांच्या रेघेने धंद्याचे तुकडे पाडले होते, ही रेघही तेच करणार. ज्याने चार भावांचे माग एकत्र करून नीट शेड उभारली त्याला कमी, आणि ज्याने एकाच शेडमध्ये दोन मीटर बसवून घेतले त्याला जास्त. लहानांना जपण्याचा हेतू चांगला आहे, पण लहान राहण्याला बक्षीस देऊन लहान माणूस मोठा कसा होणार?

सर्वांत अवघड आक्षेप खातेदाराच्या बाजूने येतो आणि तो नीट ऐकला पाहिजे. खातेदार सुताची जोखीम घेतो. 2022 च्या उन्हाळ्यात कापसाची 356 किलोची खंडी लाखावर गेली आणि वर्ष संपेपर्यंत साठ-पासष्ट हजारांच्या घरात आली. वरच्या भावात सूत घेऊन ठेवलेले त्यात पोळले. तेव्हा मजुरीवर विणणारा निदान त्या खड्ड्यात पडला नाही. दहा-वीस मागवाला अशी जोखीम पेलेल का? एकटा नाही पेलणार. आणि खातेदाराला खलनायक ठरवण्यात मला रसही नाही. पुढच्या बाजारात त्याचेही पैसे तीन-तीन महिने अडकलेले असतात. पण एकट्याला न पेलणारी जोखीम उचलण्यासाठीच तर माणसे एकत्र येतात. इटलीत प्रातो नावाचे लोकरीच्या कापडाचे गाव आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथल्या मोठ्या गिरण्या मोडकळीला आल्या आणि कामगारांनी मागच विकत घेऊन हजारो छोटे कारखाने काढले. तिथेही मध्ये ऑर्डर आणून कामे वाटणारा माणूस होता, पण तो कापडाची रचना करणारा, दरवर्षी नवा नमुना घेऊन बाजारात जाणारा होता. त्याच्याकडे ग्राहकाची खबर होती आणि ती विणकरापर्यंत पोहोचत होती. प्रातोलाही पुढे वाईट दिवस आले, ते मी लपवत नाही. पण लहान कारखान्यांचे गाव कित्येक दशके जगाच्या फॅशनला कापड पुरवू शकते, एवढे त्याने दाखवून दिले. आपला खातेदार मात्र चाळीस वर्षांपूर्वीचेच पॉपलीन, केंब्रिक आणि मलमल विणून घेतो, कारण सुताच्या भावातला चढउतार हाच त्याचा खरा धंदा झाला आहे.

सहकाराचे नाव काढले की लगेच बंद पडलेल्या सूतगिरण्या दाखवल्या जातात. दाखवाव्यात. महाराष्ट्रातल्या कितीतरी सहकारी सूतगिरण्या कर्जात बुडाल्या, काही सुरू होण्यापूर्वीच. पण त्या का बुडाल्या? भांडवलात सभासदांचे पाच टक्के, शासनाचे पंचेचाळीस आणि कर्ज पन्नास. ज्या संस्थेत सभासदाचा शंभरातला पाचच रुपये जीव गुंतला आहे तिचा हिशेब सभासद कशाला मागेल? आणि त्याहून मोठी गोष्ट, सूत कातले ते खुल्या बाजारात विकले. सभासद कापूसवाला, गिऱ्हाईक बाजारातला दलाल, आणि शेजारच्या गल्लीतला मागवाला त्याच दलालाकडून ते सूत घेणार किंवा खातेदाराच्या हातून मजुरीवर विणणार. साखळीचा एक दुवा सहकारी करून बाकीची साखळी जिथल्या तिथे ठेवली, तर दुसरे काय होणार होते?

याच कोल्हापूर-सांगलीच्या पट्ट्यात ऊस उत्पादकाने काय केले ते आठवून पाहा. 1950 साली प्रवरानगरला पहिली चिमणी पेटली आणि मग हातकणंगले-शिरोळपर्यंत शेतकऱ्याने प्रक्रियेची मालकी घेतली. त्या कारखान्यांचे पुढे काय राजकारण झाले ते सगळ्यांना माहीत आहे, तरी एक गोष्ट टिकली: उसाला कायद्याने ठरलेला किमान दर आहे आणि ऊस घातल्यापासून 14 दिवसांत पैसे द्यायचे बंधन आहे. ते पाळले नाही की रस्त्यावर ट्रॅक्टर आडवे होतात, कारण काटा, उतारा आणि दर या तिन्ही गोष्टी शेतकऱ्याला तोंडपाठ आहेत. त्याच तालुक्यातल्या मागवाल्याला मजुरी महिन्याने मिळाली की तीन महिन्यांनी, याची दाद कुठे मागायची? 2006 च्या लघुउद्योग कायद्यात 45 दिवसांची मुदत आहे. 2023 च्या वित्त कायद्याने आयकर कायद्यात 43 ब (एच) हे कलम घालून मुदतीत न दिलेली रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत खर्च म्हणून दाखवायला मज्जाव केला, तेव्हा देशभरच्या कापडबाजारात केवढी खळबळ उडाली! ‘आमच्या धंद्यात उधारी लांबच असते’ असे बाजार म्हणाला. ती लांब उधारी सर्वांत खाली कोण सोसतो, हे मात्र त्या गदारोळात कुणी विचारले नाही. मजुरीवर विणणारा उत्पादक म्हणून नोंदला गेला, त्याच्या बिलावर तारीख पडली आणि दाद मागायला जवळ जागा असली, तर हे एक कलम विजेच्या सवलतीपेक्षा जास्त कामाचे ठरेल, असे मला ठामपणे वाटते. आज कितीतरी मागवाल्यांकडे बिलच नसते, वहीतली नोंद असते.

आता पाण्याकडे येतो, कारण इचलकरंजीची खरी कोंडी तिथे आहे. इथे विणलेले ग्रे, म्हणजे न धुतलेले, न रंगवलेले कापड ट्रकने बालोत्रा, पाली, जेतपूर, अहमदाबादला जाते. तिथे धुऊन, रंगवून, छापून त्याला भाव येतो आणि तो भाव तिथेच राहतो. राज्याचे 2023-28 चे वस्त्रोद्योग धोरण म्हणते की महाराष्ट्रात पिकणाऱ्या कापसापैकी प्रक्रिया होणारा हिस्सा 30 टक्क्यांवरून 80 टक्क्यांवर न्यायचा. उद्दिष्ट उत्तमच. पण रंगाईला पाणी लागते आणि रंगाईनंतर ते पाणी कुठेतरी सोडावे लागते. पंचगंगेच्या काठावर राहणाऱ्याला यावर वेगळे सांगायला नको. 2012 मध्ये इचलकरंजीत दूषित पाण्यातून काविळीची साथ आली आणि कित्येक माणसे दगावली. दूधगंगेवरून सुळकूड योजनेने पाणी आणायचे म्हटले तर कागलचा शेतकरी विरोधात उभा राहिला, आणि त्याचा अविश्वास अनाठायी नाही. ज्या गावाने एक नदी काळी केली त्याला दुसरी कोण देईल?

तमिळनाडूतल्या तिरुपूर या कापडधंद्याच्या गावाने हाच प्रसंग भोगला आहे. नोय्यल नदीत रंगाईचे पाणी सोडून खालच्या शेतकऱ्यांच्या जमिनी खारावल्या, आणि जानेवारी 2011 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तिथले सातशेच्या आसपास रंगाई कारखाने बंद करायचा आदेश दिला. त्या दिवशी तिरुपूर संपले असेच सगळ्यांना वाटले. काम बाहेर गेले, अनेक कायमचे बुडाले, तमिळनाडू सरकारला दोनशे कोटींचे बिनव्याजी कर्ज द्यावे लागले. पण कारखान्यांनी गट करून सामाईक प्रक्रिया केंद्रे अशी सुधारली की पाणी पुन्हा पुन्हा वापरायचे आणि नदीत काही सोडायचे नाही. खर्च भयंकर होता आणि अजूनही आहे. आज तिरुपूरची निर्यात वर्षाला तीस हजार कोटींच्या वर आहे आणि हेच शुद्धीकरण ते परदेशी गिऱ्हाइकाला अभिमानाने दाखवतात. माझा प्रश्न एवढाच: प्रत्येक मागामागे अनुदानाचा जो पैसा विखरून टाकला जातो, त्यातला मोठा भाग असे एक केंद्र उभे करण्यात आणि चालवण्यात का जाऊ नये? त्यात इचलकरंजीचा सांडपाण्याचा प्रश्न सुटेल, कागलच्या शेतकऱ्याशी बोलायला तोंड राहील, आणि बालोत्र्याला जाणारा भाव गावात थांबेल.

शिवणकामाचे तर आपण नावच घेत नाही. सोलापूरने चादर-टॉवेलच्या बरोबरीने शाळेच्या गणवेशांचा धंदा उभा केला, त्यासाठी प्रदर्शने भरवली, बाहेरचे व्यापारी गावात आणले. सोलापूरला आपल्यापेक्षा चांगले माग होते म्हणून हे झाले नाही. त्यांनी शेवटचा ग्राहक ठरवला आणि मग मागे येत गेले. इचलकरंजीत कांडी भरणाऱ्या हजारो बाया आहेत. रेपिअरला आणि एअरजेटला कांडी लागत नाही. आधुनिकीकरणाच्या कुठल्याही आराखड्यात या बायांचे काय होणार याची एक ओळ मला आजवर सापडलेली नाही. बारा-बारा तासांच्या पाळीत पिकावर मजुरी घेणारा बिहार-ओडिशाचा, विजापूर-गुलबर्ग्याचा कामगारही त्यात नाही. बांगलादेशात शिवणकामाने चाळीस लाखांवर माणसांना काम दिले, त्यात बहुसंख्य बाया. राणा प्लाझा ही शिवणकारखान्यांची इमारत 2013 साली कोसळून अकराशेहून जास्त जीव गेले, तेव्हा त्या वाटेचे धोकेही जगाने पाहिले. आपण सुरक्षित इमारती बांधून, हजेरीपटावर नाव घालून ती वाट धरू शकतो. कांडीवाल्या बाईला शिलाई मशीनवर बसवायला तीन महिन्यांचे प्रशिक्षण पुरते. तिला घरी बसवायला एक एअरजेट पुरतो.

सुरुवात कुठून करायची, असे कुणी विचारले तर माझ्याकडे एक साधे उत्तर आहे. राज्य शासनाच्या पैशातून दरवर्षी प्रचंड कापड घेतले जाते: शाळांचे गणवेश, रुग्णालयांच्या चादरी, आणि चालू धोरणानुसार अंत्योदय कुटुंबाला वर्षाला एक साडी. ही खरेदी आज ज्याच्याकडे भांडवल त्याच्याकडे जाते आणि तो मजुरीवर विणून घेतो. त्यातला निम्मा हिस्सा अशा गटांसाठी राखावा की ज्यांत किमान पन्नास मागवाले आहेत, ज्यांनी भांडवलाचा पाव हिस्सा स्वतःच्या खिशातून घातला आहे, सूत एकत्र घेतले आहे, कापड रंगवून किंवा शिवून पूर्ण केले आहे आणि कामगारांची नावे हजेरीपटावर आहेत. माग साधा की शटललेस, हे सरकारने विचारूच नये. कापडाची तपासणी करावी, पास झाले तर घ्यावे आणि पैसे उसासारखे 14 दिवसांत द्यावेत. सूत आणायला पैसे हातात आले आणि विक्री नक्की असली की कोणता माग लावायचा हे मागवाला स्वतः ठरवेल, बँकेलाही हप्त्याची खात्री पटेल. काही गट फसतील, काहींत भांडणे होतील, एखाद्यात पुन्हा पुढारी शिरेल. दहातले चार जरी टिकले तरी गावात पहिल्यांदा असे विणकर असतील की ज्यांना आपले कापड कुठे गेले ते माहीत आहे.

पुढचा वीज दरवाढीचा मोर्चा निघेल तेव्हा मी त्यात चालेनच. पण निवेदनात यावेळी सवलतीच्या मागणीखाली आणखी दोन ओळी असाव्यात असा माझा आग्रह राहील: मजुरीचे बिल 45 दिवसांत, आणि सरकारी कापडात गटांचा वाटा.